अस्वलांच्या रानात जाताना कोणती बंदूक न्यावी?

जूनच्या सुरुवातीला भाच्याचा सिॲटलहून फोन आला. चौघे मित्र मोंटाना राज्यातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये पाच दिवस पायी हिंडायला निघाले होते. सगळं सामान पाठीवर न्यायचं, म्हणून प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर ठेवून पाहिलेली. तंबू हलका, स्टोव्ह तळहातावर मावणारा, टूथब्रशची दांडीसुद्धा कापून अर्धी केलेली. मग मुद्द्याचा प्रश्न आला. "मावशी, तिथे ग्रिझली अस्वलं आहेत. हलक्यात हलकी बंदूक कुठली घेऊ?"

दर उन्हाळ्यात येलोस्टोन, ग्लेशियर किंवा अलास्काला निघालेल्या आपल्या मुलामुलींकडून हा प्रश्न येतो, आणि त्यांच्या आईवडिलांकडून तर जास्तच काळजीने येतो. मी बरीच वर्षं अमेरिकेत राहते आणि पाठीवर तंबू घेऊन रानात जायची सवय जुनी आहे. त्यामुळे भाच्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगते. बंदूक चांगली की वाईट या वादात मला पडायचं नाही. प्रश्न एवढाच आहे की पाठीवर ओझं असताना, त्या एका क्षणी, कोणती वस्तू कामाला येईल.

आधी अस्वल ओळखू

आपल्या डोळ्यांसमोर अस्वल म्हटलं की मेळघाटातलं किंवा ताडोबातलं काळं, केसाळ अस्वल येतं. अमेरिकेत मुख्यतः दोन जाती भेटतात. काळं अस्वल जवळपास देशभर आढळतं, तुलनेने लहान असतं आणि आरडाओरडा केला की बहुधा पळतं. दुसरं ग्रिझली. त्याच्या खांद्यावर उंचवटा असतो आणि नर सहज दोनशे-अडीचशे किलोंचा भरतो. अलास्काच्या किनाऱ्यावर सामन मासे खाऊन वाढलेले नर याहून कितीतरी मोठे होतात.

ग्रिझली ताशी सुमारे 55 किलोमीटर वेगाने धावतो. गावाबाहेरच्या रस्त्यावर एसटी ज्या वेगाने जाते तोच हा वेग, फक्त झुडपांतून आणि चढावर. क्रिकेटची खेळपट्टी साधारण 20 मीटरची असते. तेवढं अंतर त्याला दीड सेकंदही पुरत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता दुसरी बाजू. येलोस्टोन नॅशनल पार्क 1872 साली स्थापन झालं. तेव्हापासून आजवर पार्कच्या हद्दीत अस्वलाने मारलेल्या माणसांची संख्या 8 आहे. तिथल्या उकळत्या झऱ्यांत भाजून मेलेली माणसं याच्या दुपटीहून अधिक आहेत. अस्वल माणसाला टाळतं. हल्ला होतो तो बहुतेक वेळा अचानक समोरासमोर आल्यावर, पिल्लं जवळ असताना किंवा ते आपल्या शिकारीवर बसलेलं असताना. शिवाय कितीतरी हल्ले म्हणजे नुसती हूल असते. अस्वल धावत येतं, काही पावलांवर थांबतं आणि वळून निघून जातं.

व्हिसावर असाल तर वजनाचा प्रश्न नंतरचा

भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या व्हिसाचा. तो एच-1बी वर आहे, आणि तो एकदम गप्प झाला.

अमेरिकेत बंदूक सहज मिळते हे आपण इतकं ऐकलेलं असतं की ती सगळ्यांनाच मिळते असं वाटतं. तसं नाही. 1998 पासून तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा गुन्हा आहे. एच-1बी वर नोकरी करणारे, एफ-1 वर शिकणारे, बी-2 वर फिरायला आलेले आईवडील, सगळे यात येतात. 2022 मध्ये यासाठीची कमाल शिक्षा वाढवून 15 वर्षं केली गेली. शिवाय शस्त्राच्या गुन्ह्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं ते वेगळंच. "बाळगणं" याचा अर्थही व्यापक आहे. विकत घेतलेली हवी असं नाही. मित्राची बंदूक नेमबाजीच्या मैदानावर हौसेने हातात घेतली तरी प्रश्न उभा राहू शकतो.

याला काही अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. काही जण तो काढून मोकळे होतात. पण वर्षानुवर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेने जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही बंदी लागू नाही, मात्र राज्याराज्याचे नियम त्यांनाही पाळावे लागतात.

पण नॅशनल पार्कमध्ये बंदूक चालते ना?

चालते, पण फक्त जवळ ठेवायला. 22 फेब्रुवारी 2010 पासून अमेरिकी नॅशनल पार्कमध्ये त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे भरलेली बंदूक नेता येते. माहिती केंद्र, रेंजरचं कार्यालय अशा सरकारी इमारतींत ती नेता येत नाही. आणि बहुतेक पार्कांत गोळी झाडणं आजही गुन्हाच आहे. जिवावर बेतलं होतं हे नंतर तुम्हाला पटवून द्यावं लागतं. अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत ग्रिझली 1975 पासून संरक्षित आहे, त्यामुळे चौकशी कसून होते.

अलास्कात स्वतःच्या बचावासाठी अस्वल मारणं कायद्याला मान्य आहे. पण त्यानंतर ते सोलायचं, नखांसकट कातडं आणि कवटी वन्यजीव खात्याकडे जमा करायची आणि 15 दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. थरथरत्या हातांनी, दुसरं अस्वल आसपास असेल या भीतीत, हे काम करायचं असतं. बंदूक घेताना याचा विचार फार थोडे लोक करतात.

हलकी बंदूक जास्त जोरात का मारते?

आता मूळ प्रश्न. समजा तुम्हाला कायद्याने परवानगी आहे. मग हलकी बंदूक का घेऊ नये?

एक शब्द आधी समजून घेऊ, कॅलिबर. म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतल्या व्यासाचं माप, ढोबळमानाने इंचात. .38 म्हणजे साधारण 0.38 इंच, .44 म्हणजे साधारण 0.44 इंच. पण नुसत्या जाडीवर ताकद ठरत नाही. गोळीचं वजन आणि वेग यांवर ती ठरते, आणि ती ज्यूल या एककात मोजतात.

ॲल्युमिनियमचा सांगाडा असलेलं .38 चं छोटं रिव्हॉल्व्हर जेमतेम 400 ग्रॅमचं मिळतं. आपल्या एका मोबाइलच्या दुप्पट वजन म्हणा. पाठपिशवीवाल्याला हे ऐकून हुरूप येतो. पण त्याच्या गोळीत ताकद 300 ज्यूलच्या आसपास. अस्वलांच्या मुलखात ज्याचं नाव निघतं त्या .44 मॅग्नमची बाराशे-तेराशे. आणि .30-06 या शिकारी रायफलीची चार हजारांच्या जवळ. ग्रिझलीची कवटी जाड आणि उतरती असते, खांद्यावर स्नायूंचे थरावर थर असतात. तिथे गोळी आत खोल शिरली तरच उपयोग. अमेरिकेच्या वन विभागाने 1983 साली अलास्कातल्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगवेगळ्या बंदुका जवळच्या अंतरावरून तपासल्या. वरचे क्रमांक जड, मोठ्या कॅलिबरच्या रायफलींनी पटकावले. .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर त्यांच्या बरंच मागे राहिलं.

मग कोणी म्हणेल, .44 मॅग्नमच हलक्यात घेऊ. स्कँडियम आणि टायटॅनियम वापरून बनवलेलं तसं रिव्हॉल्व्हर मिळतं, सातशे ग्रॅमच्या आसपासचं. खरी अडचण इथेच आहे.

होडीतून काठावर उडी मारली तर होडी मागे सरकते. होडी मोठी असेल तर जेमतेम हलते, छोटी डोंगी असेल तर पायाखालून सटकते. बंदुकीचंही तसंच. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. हा मागचा धक्का हाताने सोसायचा असतो. गोळी तीच ठेवून बंदुकीचं वजन निम्मं केलं, तर बंदूक दुप्पट वेगाने मागे येते, आणि हातावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते. 1400 ग्रॅमच्या पोलादी रिव्हॉल्व्हरमधून .44 ची गोळी झाडणं सरावाने जमतं. तीच 700 ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडली की तळहात झिणझिणतो, नळी आभाळाकडे जाते आणि दुसरी गोळी नेमावर आणायला वेळ लागतो. तो वेळ तर तुमच्याकडे नाहीच.

त्याहून वाईट म्हणजे पुढे काय होतं ते. जी वस्तू हाताला दुखवते तिचा सराव माणूस करत नाही. पाच-सहा गोळ्या झाडून ती कपाटात जाते आणि थेट सहलीला निघते. वर मनात त्या धक्क्याची भीती बसलेली असते, म्हणून चाप ओढण्याआधीच हात आक्रसतो आणि गोळी भलतीकडे जाते. थोडक्यात, बंदुकीतलं वजन हे निरुपयोगी ओझं नसतं, धक्का गिळण्याचं काम तेच करतं. तंबूचं वजन कमी केलं तर तंबू तंबूच राहतो. बंदुकीला हे लागू पडत नाही.

अलास्कात कामासाठी रानात राहणारे लोक म्हणून शॉटगन किंवा मोठी रायफल बाळगतात. ती साधारण तीन-साडेतीन किलोंची असते. ती खांद्यावर किंवा हातात असते, पिशवीत नाही. ज्यांना कमरेलाच काही हवं असतं ते दहा मिलिमीटरचं पिस्तूल किंवा पोलादी रिव्हॉल्व्हर घेतात, भरल्यावर एक किलोच्या पुढचं, आणि त्यांच्यातले शहाणे नियमाने सराव करतात. तो सराव वर्षानुवर्षांचा असतो.

मग हलकं काय आहे?

मिरची. बेअर स्प्रे म्हणजे मिरचीतला तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याचे भाऊबंद, दाबाखाली भरलेला डबा. त्याच्यावरचं संशोधन 1980 च्या दशकात मोंटाना विद्यापीठात झालं. अमेरिकेची पर्यावरण संस्था त्याची नोंदणी करते. तिच्या निकषांप्रमाणे तिखट घटक 1 ते 2 टक्के असावा लागतो आणि डब्यात किमान 225 ग्रॅम द्रव. डब्यासकट वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्या सर्वात हलक्या रिव्हॉल्व्हरहूनही कमी.

तो चालतो कसा? अस्वल सात-आठ मीटरवर आलं की दाबायचा. केशरी ढग तयार होतो आणि धावत येणारं अस्वल त्यात शिरतं. अस्वलाचं नाक विलक्षण तीव्र असतं, आणि तेच त्याला थांबवतं. डोळे मिटतात, श्वास अडकतो. थोड्या वेळाने असर उतरतो आणि अस्वल धडधाकट राहतं. गोळीला एका बिंदूवर जायचं असतं. ढग मात्र दारभर रुंद असतो, नेम थोडा चुकला तरी चालतो. स्वयंपाकघरात फोडणीत मिरची जळल्यावर शेजारच्या खोलीतल्यांनाही ठसका लागतो, तसंच.

एक गैरसमज जिवावर बेतू शकतो म्हणून ठळकपणे सांगते. हा स्प्रे ओडोमॉस नाही. तो अंगाला, तंबूला किंवा पिशवीला आधीच मारून ठेवायचा नसतो. वाळलेल्या तिखटाचा वास अस्वलाला उलट जवळ खेचतो, हे अलास्कात दिसून आलं आहे.

आकडे काय म्हणतात?

अलास्कातल्या घटनांचे दोन अभ्यास नेहमी पुढे केले जातात. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये स्प्रेच्या 83 घटना तपासल्या. तपकिरी अस्वलांच्या (ग्रिझली त्यांतच मोडतो) बाबतीत 92 टक्के वेळा स्प्रेने अस्वलाचं वागणं थांबलं. 2012 मध्ये त्यांनी बंदुकीच्या 269 घटना पाहिल्या. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर 84 टक्के वेळा यशस्वी, लांब नळीच्या बंदुका 76 टक्के.

हे आकडे शेजारीशेजारी ठेवून स्प्रे जिंकला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी तसं म्हणणार नाही, कारण दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण जोडीने लावता येत नाहीत. स्प्रेच्या घटनांत नुसतं कुतूहलाने जवळ आलेलं अस्वलही आहे. बंदुकीच्या घटनांत बिथरून अंगावर आलेली अस्वलं जास्त आहेत, आणि बंदुकीने सुखरूप निभावलेले अनेक प्रसंग कुठे नोंदलेच जात नाहीत. बंदूकप्रेमींचा हा आक्षेप रास्त आहे.

मला त्या दुसऱ्या अभ्यासातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बंदूक अपयशी का ठरली याची कारणं त्यात नोंदली आहेत. सर्वात मोठं कारण, वेळच मिळाला नाही. मग बंदूक जवळ असून वापरली नाही, अडकली, नेम चुकला, सुरक्षेची कळ वेळेत निघाली नाही. बंदूक वापरणारे आणि बंदूक जवळ असून न वापरणारे यांच्या जखमांत फारसा फरकही आढळला नाही. खेळपट्टीचं अंतर आणि दीड सेकंद पुन्हा आठवा. पाठपिशवीच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेली बंदूक असो की स्प्रे, दोन्ही सारखेच निरुपयोगी. स्प्रे कमरेच्या पट्ट्यावर किंवा छातीवर हवा, आणि तो काढून पिन ओढायचा सराव घरी व्हायला हवा. त्यासाठी तिखट नसलेले सरावाचे डबे मिळतात.

"वारा उलटा असेल तर?"

तर थोडा ढग आपल्याकडे येईल, डोळे चुरचुरतील. पण 2008 च्या अभ्यासात वाऱ्याचा अडथळा आलेल्या घटना थोड्या होत्या आणि त्या सगळ्यांत फवारा अस्वलापर्यंत पोचला होता. कडाक्याच्या थंडीत दाब कमी होतो, म्हणून रात्री डबा तंबूत जवळ ठेवावा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये, फुटतो.

"दोन्ही नेलं तर?"

ज्याला बंदुकीचा खरा सराव आहे आणि कायद्याने हक्क आहे, त्याने न्यावं. पण हात दोनच आणि घबराटीत उजवाच आधी हलतो. तो कशाकडे जाणार हे आधी ठरलेलं हवं.

"माणसांची भीती असेल तर?"

ही भीती, विशेषतः एकट्या जाणाऱ्या मुलींची, मी हलक्याने घेत नाही. माझा अनुभव असा की धोका आडरानापेक्षा गाडी लावायच्या जागी आणि रस्त्याकडेच्या मुक्कामांवर जास्त जाणवतो. सोबत, घरी कळवलेला मार्ग आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र यांचा मला मोठा आधार वाटतो. ते यंत्र शंभर ग्रॅमचं असतं आणि पाय मुरगळला तरी कामाला येतं.

जिथे बंदूकच लागते

स्वालबार या नॉर्वेच्या बेटांवर उत्तर वेगळं आहे. तिथे ध्रुवीय अस्वलं आहेत, आणि त्यांच्या लेखी माणूस भक्ष्य ठरू शकतो. वस्तीबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ असणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि बंदूकही न्यावी असं प्रशासन सांगतं. लोक सिग्नल पिस्तूल आणि .308 किंवा .30-06 ची रायफल नेतात. लाँगयीअरब्येन गावात ती भाड्याने मिळते, पण परवाना लागतो. 2025 पासून तिथे अस्वलापासून 300 मीटर दूर राहावं लागतं, मार्च ते जूनमध्ये 500. तिथे रायफलीचं वजन हा चर्चेचा विषयच होत नाही. ती न्यावीच लागते आणि बाकीचं सामान त्या हिशेबाने कमी करतात. पर्यटक बहुधा रायफलधारी वाटाड्याबरोबर जातात, तेच योग्य.

कॅनडाच्या नॅशनल पार्कांत पर्यटकाला बंदूक नेता येत नाही, स्प्रे चालतो. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत उलट, तिथे स्प्रेलाच मनाई आहे. तिथे ग्रिझली नाहीत, फक्त काळी अस्वलं आहेत, आणि ओरडून-टाळ्या वाजवून भागतं. म्हणून निघण्याआधी त्या त्या पार्कचे नियम वाचावेत.

ते एक किलो कुठे खर्च करावं?

बंदुकीसाठी राखून ठेवलेलं एक किलो भाच्याने अन्नाच्या डब्यावर खर्च करावं असं मी सुचवलं. अस्वलाला न उघडता येणारा, जाड प्लॅस्टिकचा गोल डबा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो. अलास्कातल्या डेनालीत तो सक्तीचा आहे. ग्लेशियरमधल्या आतल्या मुक्कामांवर अन्न टांगायची सोय असते, तरीही आपल्या थेपल्यांचा, चिवड्याचा आणि मेतकुटाचा वास दूरवर जातो. टूथपेस्टचाही जातो. हे सगळं झोपायच्या जागेपासून लांब हवं.

आणि आवाज. विदर्भात मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपाने तोडायला जाणारे लोक घोळक्याने आणि बोलत जातात, ते याचसाठी. तिकडे अभयारण्यात शस्त्र नेण्याची मुभा 1972 च्या वन्यजीव कायद्याने लेखी परवानगीशिवाय कुणालाही नाही. ग्लेशियरमध्येही तीन-चार जणांनी एकत्र चालावं, आणि ओढ्याच्या आवाजाजवळ, आंधळ्या वळणावर, उंच झुडपांत मोठ्याने बोलावं. पिशवीला बांधायच्या छोट्या घंट्या विकत मिळतात, पण त्यांचा आवाज फार क्षीण असतो. या चौघांनी वाटेत भेंड्या लावल्या.

स्प्रे त्यांनी सिॲटलहून नेला नाही, कारण विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही आणि मोठ्या सामानातही नाही. ग्लेशियरजवळच्या कॅलिस्पेल गावी उतरल्यावर चार डबे विकत घेतले, प्रत्येकाच्या पट्ट्यावर एक. पाचव्या दिवशी चारही डबे न वापरलेले होते. परत नेता येणार नव्हते. वाटेच्या तोंडाशी दोन मुलांना घेऊन एक कुटुंब चढायच्या तयारीत उभं होतं. भाच्याने डब्यांवरची मुदतीची तारीख दाखवली, पिन कशी काढायची ते दाखवलं आणि दोन त्यांना दिले, दोन रेंजरकडे ठेवले.